पहिली दोरी

शेजारच्या घरातून निघालेलं पाकीट पोस्टानं अख्खं नेपरव्हिल फिरून शेजारच्याच घरात आलं. दोन घरांच्या मधे एक लॉन, तेही जानेवारीच्या बर्फाखाली गाडलेलं. पण रेव्हरंड डॉक्टर टॉर्किल मॅकॉले यांचं सगळं असंच. चहाला बोलवायचं असलं तर काठी टेकत दारात येऊन उभे राहतील, पण गोष्ट महत्त्वाची असली की तिला तिकीट लागलंच पाहिजे.

मालिनीकाकूंनी पाकीट फोडलं. आत एक जाड पांढरं कार्ड होतं. त्यावर शाईच्या पेनानं, पट्टी लावून काढलेला लांबट चौकोन. चौकोनाच्या कडेनं आठ ठिपके आणि प्रत्येकापुढे एक आकडा. वरच्या टोकाच्या ठिपक्याला गोल करून लिहिलं होतं, ‘मिसेस गद्रे, क्रमांक एक’. आणि खाली एकच ओळ: दिवस मागाहून कळवण्यात येईल.

“सीटिंग चार्ट आहे हा, आई,” वल्लरी लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली. सून हुशार, शिकागोला पीएचडी करायला आलेली आणि मग अंकुरशी लग्न करून इथलीच झालेली. “मास्तरांचा एटी-फिफ्थ बर्थडे येतोय ना? आठ माणसांचं डिनर. आणि तुम्हाला बघा, टेबलाच्या हेडला बसवलंय. मजा आहे तुमची.”

काकूंना हे अगदी पटलं. पटणारच. लांबट चौकोन आणि भोवती माणसं म्हटल्यावर सांगलीच्या बाईला पंगतच दिसणार, दुसरं काय दिसणार? उलट त्यांना काळजीच लागली. एकटा म्हातारा माणूस, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, आठ जणांचा स्वयंपाक करणार कोण? म्हणून त्यांनी डब्यात बेसनाचे लाडू भरले, अंकुरचे स्नोबूट पायात चढवले आणि साडी वर खोचून निघाल्या.

“मास्तर, मेनू काय ठरलाय?” आत गेल्या गेल्या त्यांनी विचारलं. “आठ माणसांचं मला काही अवघड नाही. मसालेभात करते, भरली वांगी करते. तुमच्या लोकांना तिखट कमी घालीन. फक्त दिवस आधी सांगा, वांगी इंडियन स्टोअरमधून आणावी लागतात.”

मास्तर खिडकीशी गुडघ्यावर शाल घेऊन बसले होते. आधी त्यांना कळेचना. मग काकूंच्या हातातलं कार्ड त्यांनी पाहिलं आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला, खोकल्यानं डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात.

“मिसेस गद्रे,” शेवटी ते म्हणाले, “ते टेबल नाही. ती शवपेटी आहे. आत मी असणार आहे.”

काकू डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

आता हे ‘मास्तर’ प्रकरण सांगायला हवं. टॉर्किल हे नाव काकूंच्या जिभेवर कधी बसलं नाही. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, तुम्ही काय करत होतात? तर ते म्हणाले, तीस वर्षं पाद्री होणाऱ्या मुलांना हिब्रू आणि बायबल शिकवलं, आणि रविवारी एका लहानशा चर्चमध्ये स्वतः प्रवचन केलं. म्हणजे मास्तरच की. काकू स्वतः सांगलीला शाळेत भूगोल शिकवत होत्या, त्यामुळे मास्तर म्हटलं की त्यांच्या लेखी माणूस निम्मा घरचा झाला. ते मात्र त्यांना कायम मिसेस गद्रे म्हणत. दोघांचंही इंग्रजी अमेरिकेत कुणाला धड कळायचं नाही. त्यांचं स्कॉटिश बेटावरचं, यांचं कृष्णाकाठचं. दुकानात दोघांनाही ‘पार्डन?’ ऐकावं लागे. एकमेकांचं मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून नीट कळलं, हे एक नवलच.

मास्तरांची बायको इशबेल गेली, तेव्हापासून काकू रोज दुपारी चारला चहा घेऊन जात. मास्तर वाचत बसलेले असत. त्यांनी आयुष्यातली बारा वर्षं बायबलातल्या एकाच गोष्टीवर घालवली होती, तीही जेमतेम चार पानांची. नवरा मेलेली एक तरुण सून आपला देश सोडून म्हाताऱ्या सासूच्या मागे परक्या गावी जाते, त्याची. तिच्यावर त्यांचा उशीएवढा जाड ग्रंथ होता. काकूंनी ती गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, “पण जाताना सासूनं तिला एकदा तरी नीट ‘चल’ म्हटलं का?” मास्तर म्हणाले, नाही, उलट परत जा म्हणाली. “मग बरोबर. सासूच ती,” काकू म्हणाल्या. त्यावर दोघं आठवडाभर भांडत होते. असे त्यांचे दिवस चालले होते, चांगले चालले होते.

“बसा,” मास्तर आता म्हणाले. “लाडूचा डबा खाली ठेवा. डॉक्टर म्हणतात, यकृतात आहे आणि पसरलंय. ते म्हणतात, वसंत ऋतू दिसेल. मी त्यांच्याइतका आशावादी नाही.”

काकू बसल्या. 

“माझ्या बेटावर माणसाला यंत्रानं खाली सोडत नाहीत,” मास्तर सांगू लागले. “पेटीला आठ दोऱ्या बांधतात. आठ माणसं त्या धरतात आणि हातानं, हळूहळू त्याला खाली पोचवतात. कुणी कुठली दोरी धरायची ते घरचे ठरवतात आणि ज्याला त्याला कार्ड देतात. इथं इशबेलच्या वेळी मला काही सुचलं नाही. एका माणसानं बटण दाबलं आणि ती लिफ्टमधून गेल्यासारखी खाली गेली. माझे हात कोटाच्या खिशात होते, मिसेस गद्रे. हातांचं काय करायचं तेच मला कळत नव्हतं.”

“आणि ही पहिली दोरी?”

“डोक्याकडची. ती सगळ्यात जवळच्या माणसाची.”

“अहो, मग तुमचं कुणी जवळचं...”

“त्यांना पोस्टानं कार्ड गेलेलं आहे,” मास्तर म्हणाले.

 काकूंच्या तोंडातून जे आलं ते भलतंच. “आमच्यात बायका जात नाहीत.”

“आमच्यातही जात नसत. इशबेल असती तर घरी सँडविच करत बसली असती.”

“मग?”

“मग काय? जुनं कुठं धरून ठेवायचं आणि कुठं सोडायचं, हे शिकवण्याचाच मी आयुष्यभर पगार घेतला.”

“नाही जमायचं मला, मास्तर,” काकू म्हणाल्या. कार्ड त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवलं आणि उठून घरी आल्या.

त्या रीतीभातीला घाबरल्या, असं तुम्हाला वाटेल. वल्लरीलाही तसंच वाटलं. मराठी मंडळातल्या सरलाताईंना फोनवर कळलं तेव्हा त्या म्हणाल्याच, “अगं, परक्याच्या मर्तिकात पहिला मान कसला घेतेस? नसतं लचांड.” काकूंनी हो ला हो केलं. पण खरं कारण वेगळं होतं.

पाच वर्षांपूर्वी काकूंचे यजमान श्रीरामराव गेले, सांगलीत, जेवून उठताना. अंकुर इथं. त्याला विमानच मिळेना. तो पोचला तिसऱ्या दिवशी. तोवर थांबणं शक्य नव्हतं. धाकटे दीर जगन्नाथराव सगळं बघत होते. भला माणूस, रडून रडून डोळे सुजलेले. घरातून नेताना काकू मागोमाग उठल्या, फाटकापर्यंत गेल्या, तर ते हात जोडून म्हणाले, “वहिनी, आता इथून पुढे नको. तुम्ही आत बसा.” काकू आत बसल्या. बायका भोवती बसल्या. पुतण्यानं अग्नी दिला. दिवसकार्य यथासांग झालं, कशात काही कमी पडलं नाही.

फक्त काकूंच्या आत ते झालंच नाही. त्यांच्यापुरते श्रीरामराव फाटकातून बाहेर पडले होते, एवढंच. ते गेले हे त्यांना ठाऊक होतं. न कळायला त्या काही खुळ्या नव्हत्या. पण नेपरव्हिलमध्ये कुणी नवीन ओळखीची बाई विचारी, “तुमचे मिस्टर?” तर काकू सहज म्हणून जात, “ते सांगलीला असतात.” वल्लरीनं हे दोनदा ऐकलं होतं. अंकुरला तिनं सांगितलं नव्हतं, कारण बापाचं नाव निघालं की तो उठून गॅरेजमध्ये जाई. दोघं मायलेक त्या विषयाभोवती पाच वर्षं असेच वळसे घालत होते.

आता खड्ड्याच्या काठावर उभं राहून दोरी धरायची, म्हणजे माणूस कुठं जातो ते डोळ्यांनी बघायचं. मग ‘ते सांगलीला असतात’ कसं म्हणणार? भीती ती होती.

चार-पाच दिवस काकू चहाला गेल्या नाहीत. मग राहवेना. मास्तर खूप ओढलेले दिसत होते, घरात नर्स आली होती. काकूंनी चहा ओतला आणि न विचारताच सगळं सांगून टाकलं. फाटक, जगन्नाथराव, सांगली, सगळं. कुणापाशी पहिल्यांदाच.

मास्तरांनी मधे एक शब्द घातला नाही. मग म्हणाले, “मलाही एकदा आत बसवलं होतं. म्हणजे बाहेर उभं केलं होतं.”

आणि त्यांनी आपलं सांगितलं. बेटावर त्यांचा बाप मासेमारी करी आणि चर्चचा पंच होता. मुलगा शिकून पाद्री झाला, त्याच बेटावर आला, तेव्हा बापाची छाती दोन इंच फुगली. दुसऱ्याच वर्षी या पठ्ठ्यानं प्रवचनात सांगितलं की, माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या माणसाची बायबलात जी कथा आहे ती बातमी नव्हे, गोष्ट आहे. गोष्ट आहे म्हणून ती खोटी होत नाही. पण ऐकायला सगळे कोळी. एक म्हातारा उठून म्हणाला, “माशांबद्दल तू आम्हाला शिकवू नकोस.” पंचांची बैठक बसली. शब्द मागे घे म्हणाले. यानं घेतले नाहीत. मग याला काढायचं का, यावर हात वर करून मतं घेतली, आणि वर झालेल्या हातांत बापाचाही हात होता.

“राग आला तुम्हाला?”

“नाही. तो खरंच तसं मानत होता. मला दुखवावं म्हणून त्यानं हात वर केला नव्हता, तेच जास्त लागलं. मग एडिंबरा, मग अमेरिका. पुस्तकं लिहिली, मोठी पदं मिळाली. तो वारला तेव्हा मी समुद्र ओलांडून गेलो. आठ दोऱ्या. पहिली थोरल्या भावाला, बाकीच्या चुलत्यांना, शेजाऱ्यांना. एक तर बापाला बोटीचं इंजिन विकलेल्या माणसाला दिली होती. मला नव्हती. मी दफनभूमीच्या भिंतीशी उभा राहिलो. पाद्री म्हणून शेकडो लोकांना निरोप दिला, मिसेस गद्रे, पण स्वतःच्या बापाला नाही. कितीतरी वर्षं मला स्वप्न पडायचं की तो अजून होडीवर आहे.”

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. असं कधी केलं नव्हतं.

“तुम्हाला मी आग्रह करणार नाही,” मास्तर म्हणाले. “पण ती दोरी दुसऱ्या कुणाला देणारही नाही. ती तुमची आहे. तुम्ही धरली नाहीत तरी तुम्हाला वगळलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.”

“अजूनही मला जमेलसं वाटत नाही, मास्तर.”

“चहा छान झालाय,” मास्तर म्हणाले.

फेब्रुवारी संपता संपता ते गेले. सकाळी नर्सनं येऊन सांगितलं. काकू शेजारी गेल्या, त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि घरी येऊन कणीक मळायला घेतली. वल्लरीनं पाहिलं, कणीक मळून झाली तरी काकू मळतच होत्या.

चर्चमध्ये काकू गेल्या. त्याला हरकत नव्हती, ते देवाचं घर. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी कॅरल, आता स्वतः पाद्री झालेली, छान बोलली. मास्तर परीक्षेत नापास करायचे आणि मग त्याच मुलाला घरी जेवायला बोलवायचे, असं ती म्हणाली तेव्हा लोक हसले. काकूही हसल्या. मग गाड्या दफनभूमीकडे निघाल्या. काकूंनी अंकुरला बजावलं होतं, मी गाडीतच बसणार, लांबून नमस्कार करणार आणि आपण घरी जायचं.

अंकुरनं गाडी रस्त्याच्या कडेला लावली. काचेतून सगळं दिसत होतं. बर्फ बाजूला सारून जागा मोकळी केली होती. खड्ड्यावर आडव्या फळ्या, फळ्यांवर साधी लाकडी पेटी, पेटीच्या कडेनं काळ्या दोऱ्या. सात माणसं आपापल्या जागी उभी राहिली. दोन विद्यार्थी, चर्चमधली काही मंडळी, आणि एक तर रोजचा पोस्टमन, युनिफॉर्म घालूनच आलेला. मास्तरांनी त्यालाही वगळलं नव्हतं. डोक्याकडची जागा मोकळी होती.

अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस कॅरलशी काहीतरी बोलला. तिनं मान हलवली. खरंच होतं त्याचं, एक बाजू सुटी राहिली तर पेटी कलंडेल. मग तो माणूस स्वतःच पुढे झाला, काळे हातमोजे घातलेला, सभ्य, अनोळखी. डोक्याकडे जाऊन उभा राहिला आणि त्यानं वाकून पहिली दोरी उचलली.

काकूंनी गाडीचं दार उघडलं.

“आई, बर्फ आहे, घसरशील,” अंकुर म्हणाला. पण ती कुठली ऐकते. स्नीकर, वर साडी, वर अंकुरचं जाडजूड जॅकेट, अशी बाई बर्फातून जवळपास पळत निघाली, आणि तो मागून तिला धरायला धावला. काकू त्या माणसापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, “द्या इकडे. माझी आहे ती.”

मराठीतच म्हणाल्या. त्या बिचाऱ्याला काय कळणार? पण त्यानं दोरी दिली. अशा वेळी कळायला फारसं काही लागत नाही.

फळ्या काढल्या आणि वजन हातात आलं. काकूंना वाटलं नव्हतं एवढं ते वजन असेल म्हणून. हातमोज्यातून दोरी सरकू लागली तेव्हा त्यांनी ती आणखी घट्ट धरली. कॅरल वाचत होती. हळू, हळू, असं तो कंपनीचा माणूस म्हणत होता. आठ जण एकमेकांकडे बघत, एकमेकांचा अंदाज घेत दोरी सोडत होते. काकू मात्र खाली बघत होत्या. नजर काढायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. हा माणूस चालला आहे आणि मी त्याला पोचवते आहे. मला कुणी आत बस म्हटलेलं नाही. फाटकाच्या पुढे असंच काहीतरी झालं असेल. भाऊजींच्या खांद्यावरही असंच वजन आलं असेल. त्यांनी नेलं, नीट नेलं, वाटेत कुठं सोडलं नाही.

मग एकाएकी दोरी हलकी झाली. पेटी टेकली होती.

इतरांनी आपापल्या दोऱ्या आत सोडून दिल्या. तशीच रीत होती. काकूंच्या हातातली तेवढी राहिली. कुणी घाई केली नाही. अंकुर मागे उभा होता, त्याला कळेना की आईला हात लावावा की नको. काकूंच्या ओठांची हालचाल होत होती, पण काय म्हणाल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी दोरी सोडली. लाकडावर ती पडल्याचा बारीक आवाज आला.

गाडीत बसल्यावर अंकुरनं हीटर सुरू केला. काकूंचे हातमोजे काढून त्यानं त्यांचे हात पाहिले. तळव्यांवर लाल वळ उठले होते.

“दुखतंय?”

काकूंनी मानेनंच नाही म्हटलं.  अंकुरनं गिअर टाकला.

“अंकुर,” काकू म्हणाल्या. “तुझे बाबा गेले रे.”

पाच वर्षांनी आईनं पोराला बातमी दिली होती. आणि पोरगाही असा, की ती ऐकायला एवढी वर्षं कुठंतरी विमानतळावरच अडकून पडला होता. त्यानं गिअर परत ‘पार्क’वर आणला. पट्टा सोडला. “हो, आई,” एवढंच कसंबसं म्हणाला आणि मग त्याला बांध घालता येईना. चाळिशीचा बाप्या तो, आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडला. काकूही रडल्या, पदर तोंडाला न लावता, अगदी उघड. बाहेर एकेक गाडी निघून गेली, पोस्टमन आपल्या गाडीत बसून कामावर गेला. या दोघांना मात्र कसलीच घाई नव्हती.

“जेवण झालं होतं त्यांचं,” काकू त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. “ताक प्यायले आणि उठले. बस, मी तुला सगळं सांगते.”